अ‍ॅड्रिनलची सहा सेंटिमीटरच्या वरची गाठ: दुर्बीण की रोबोट?

परळकर

हर्निया, पित्ताशय, प्रोस्टेट, सगळ्यांवर इथे धागे आहेत. अ‍ॅड्रिनल बिचारी, मूत्रपिंडावर बसलेली हार्मोनची ग्रंथी, राहून गेली. मुंबईतल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत आता रोबोट आहे, त्यामुळे मोठी गाठ निघालेल्या घरात पहिला वाद हाच होतो: रोबोटने करायचं की साध्या दुर्बिणीने. वाद जरूर घालू, पण आधी आतली जागा कशी आहे ते बघू.

ग्रंथी दोन, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमची, मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला चरबीत बसलेली. उजवी ग्रंथी यकृताच्या मागे, आयव्हीसीला, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेला, खेटून असते. तिची मुख्य व्हेन जेमतेम सेंटिमीटरभर, कधी त्याहून आखूड, आणि थेट आयव्हीसीत उघडते. डावीकडची व्हेन लांब असते; डायफ्रामवरून येणारी फ्रेनिक व्हेन तिला मिळते आणि मग ती डाव्या रीनल व्हेनमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या शिरेत, जाते. थोडक्यात, उजवीकडे वाट छोटी पण हात घसरला तर रक्तस्राव मोठा. डावीकडे वाट लांब: मोठं आतडं, प्लीहा आणि स्वादुपिंडाची शेपटी बाजूला केल्याशिवाय ग्रंथी दिसतच नाही.

दुर्बिणीतून अ‍ॅड्रिनल काढल्याचा पहिला अहवाल मिशेल गान्ये यांचा, १९९२ चा. लहान गाठींपुरता वाद पुढच्या दहा वर्षांत मिटला. मोठ्या गाठींचं तसं झालं नाही. गाठ सात-आठ सेंटिमीटरची झाली की ती व्हेनवर आडवी पडते, आजूबाजूने नवीन शिरा ओढून घेते, मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला आणि कधी रीनल व्हेनला चिकटते. हत्यारं फिरवायला जागा उरत नाही. आणि गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता आकाराबरोबर वाढते.

शंकासुर

दोन बाळबोध प्रश्न. सहा सेंटिमीटर हाच आकडा का? आणि रोबोट आपलं आपण ऑपरेशन करतो का? नातेवाईक हमखास हे विचारतात.

परळकर

रोबोट स्वतःहून सुईसुद्धा हलवत नाही. सर्जन पेशंटपासून चार-पाच हात अंतरावर कन्सोलला बसतो, त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राच्या हातांकडे जातात. दा विंची एक्सआय या रोबोटच्या मॉडेलमध्ये ८ मिलिमीटरची तीन-चार छिद्रं रोबोटच्या हातांसाठी आणि एक जास्तीचं छिद्र पेशंटजवळ उभ्या असलेल्या सहायकासाठी. सक्शन, क्लिप, गॉज, पिशवी ही कामं बऱ्याचदा त्या सहायकाच्याच हातात असतात. त्यामुळे कन्सोलवर कोण बसणार याइतकंच महत्त्व टेबलाशी कोण उभं राहणार यालाही आहे. हे फार कमी लोक विचारतात.

सहाचा आकडा प्रामुख्याने कर्करोगाच्या शक्यतेवरून आला. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या २००२ च्या निवेदनात अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्सच्या कर्करोगाचं प्रमाण ४ सेंमीपर्यंतच्या गाठींत २ टक्के, ४ ते ६ मध्ये ६ टक्के आणि ६ च्या वर २५ टक्के दिलं होतं. हे आकडे बरेचसे ऑपरेशन झालेल्या पेशंटवरून काढलेले, त्यामुळे थोडे फुगलेले असणार. पण कल साफ दिसतो.

सावलीवाला

रेडिओलॉजीच्या बाजूने मध्येच घुसतो. नुसता आकार बघून घाबरू नका आणि नुसता आकार बघून निर्धास्तही होऊ नका. साध्या सीटीत, म्हणजे कॉन्ट्रास्ट देण्याआधी, गाठीची घनता किती हाउन्सफील्ड ते रिपोर्टात लिहिलेलं हवं. एकसारखी दिसणारी आणि १० किंवा त्याखालची गाठ सौम्य असते. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मग ती ४ सेंमीहून मोठी असली तरी आणखी फोटो काढत बसायची गरज नाही. आत उघड चरबी, म्हणजे उणे तीस-चाळीस किंवा त्याखाली घनता, दिसली तर ती बहुधा मायलोलिपोमा. तो दहा सेंमीचा असला तरी सौम्यच. दुखत असेल, आत रक्तस्राव झाला असेल किंवा भराभर वाढत असेल तरच काढायचा विचार. अशा पेशंटला 'रोबोट की दुर्बीण' विचारण्याआधी 'काढायची का' हे विचारा.

उलट २० च्या वर घनता, कडा ओबडधोबड, आत कुजलेला भाग, शेजारच्या अवयवात शिरकाव, आयव्हीसीत गुठळी किंवा गाठीची जीभ: यातलं काही असेल तर मामला वेगळा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट परदेशी लेखांत सापडत नाही. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी मोठ्या झाल्या असतील तर टीबी, हिस्टोप्लाझ्मोसिस आणि लिम्फोमा डोक्यात यायलाच हवेत. त्यांचा इलाज औषधांचा. तिथे सुई घालून तपासणी उपयोगी पडते, पण फिओ (फिओक्रोमोसायटोमा, बीपी भडकवणारी रसायनं सोडणारी गाठ) नाही याची खात्री करून मगच. एकाच बाजूच्या गाठीत मात्र सुईने अ‍ॅडिनोमा (सौम्य गाठ) की कर्करोग हे भरवशाने कळत नाही, आणि फिओत सुई घातली तर बीपी आकाशाला भिडतं.

हार्मोनवाली

सावलीवाला यांना अनुमोदन. टेबलावर जाण्याआधी रक्त-लघवीच्या तपासण्या पूर्ण झाल्याच पाहिजेत. त्या नसताना ऑपरेशनची तारीख देणारा असेल तर तारीख परत करा.

प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन किंवा २४ तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन, फिओक्रोमोसायटोमासाठी. रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी आणि सकाळी आठ-नऊला कॉर्टिसॉल, डेसीलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर कॉर्टिसॉल दबलं नाही असं धरतो. बीपी असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर आल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर. मोठ्या गाठीत डीएचईए-एससुद्धा करतो: कॉर्टिसॉल आणि पुरुषी हार्मोन दोन्ही वाढलेले असतील तर कर्करोगाचा संशय बळावतो. बाईला अचानक दाढी-मिशा, आवाज घोगरा होणं, हेही त्याच खात्यात.

फिओ निघाला तर तयारीला किमान ७ ते १४ दिवस. आधी अल्फा ब्लॉकर: फेनॉक्सिबेन्झामिन, प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिन. पहिली गोळी रात्री झोपताना, कारण उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडायची भीती. मीठ आणि पाणी वाढवायचं. नेहमीच्या बीपीच्या पथ्याच्या हे नेमकं उलट असल्यामुळे घरचे बिथरतात, म्हणून आधीच समजावून सांगावं लागतं. नाक चोंदणं हे गोळी लागू पडल्याचं लक्षण, सर्दीची गोळी घेऊ नये. बसून बीपी १३०/८० च्या खाली आणि उभं राहून वरचं ९० च्या वर, असं साधलं की सर्जनला होकार. नाडी फार धावत असेल तर तीन-चार दिवसांनी बीटा ब्लॉकर. अल्फाच्या आधी बीटा कधीही नाही: रक्तवाहिन्या सैल करणारा मार्ग बंद होतो, आवळणारा मोकाट राहतो आणि बीपी भडकतं.

आणि ज्यांना फिओ आहे त्यांनी उलटी थांबवायला पेरिनॉर्मचं इंजेक्शन घेऊ नये. मेटोक्लोप्रमाइडने गाठीतून रसायनं सुटतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ते सर्रास दिलं जातं, म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

भूलथापा

नाव गमतीचं असलं तरी धंदा भुलेचाच आहे. फिओ म्हटलं की भूल चढण्याआधी मनगटात आर्टेरियल लाइन, मानेत सेंट्रल लाइन, आणि नायट्रोप्रुसाइड, एस्मोलॉल, मॅग्नेशियम, नॉरअ‍ॅड्रिनलिन ही बीपी उतरवायची आणि चढवायची औषधं सिरिंज पंपात भरून तयार. बीपी चढण्याचे प्रसंग ठरलेले: नळी घालताना, पोटात गॅस भरताना, आणि सर्जन गाठीला हात लावतो तेव्हा. गॅसचा दाब नेहमी १२ ते १५ मिलिमीटर पारा ठेवतात. फिओत तो आठ-दहावर भागत असेल तर आम्ही खूश. व्हेनवर क्लिप पडली की चित्र उलटतं, बीपी धाडकन खाली. म्हणून क्लिप लावण्याआधी सर्जनने मोठ्याने सांगायचं, मी नायट्रोप्रुसाइड बंद करणार, मगच क्लिप. गाठ निघाल्यावर साखरही खाली येते, पहिले २४ तास ग्लुकोमीटर वरचेवर.

रोबोटमध्ये आमची अडचण वेगळी. पेशंट कुशीवर, वर यंत्राचे हात. एकदा डॉक झालं, म्हणजे यंत्राचे हात पेशंटच्या छिद्रांतल्या नळ्यांना जोडले, की हात-मान-नळी गाठणं कठीण. लाइन, पॅडिंग, खांद्याखालचा रोल, सगळं आधी. जुन्या मॉडेलला टेबल हलवायचं म्हणजे आधी यंत्र सोडवायचं; जोडून फिरणारं टेबल असेल तर हा त्रास वाचतो.

शंकासुर

मग सर्जनला रोबोटने नेमकं मिळतं काय? 'थ्री-डी दिसतं' यापलीकडे.

परळकर

उजव्या बाजूवर सांगतो, तिथे फरक जास्त दिसतो. पेशंट डाव्या कुशीवर, टेबल कमरेत मोडलेलं. यकृताचा त्रिकोणी लिगामेंट कापून यकृत मोकळं करायचं आणि वर उचलून धरायचं. मग आयव्हीसीच्या कडेने पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं आतलं अस्तर, उघडायचा, खालून वर चढायचं. लहान गाठीत व्हेन समोर येते: पेशंटच्या बाजूला दोन हेम-ओ-लॉक क्लिप, गाठीच्या बाजूला एक, मध्ये कापायचं. मोठ्या गाठीत व्हेन गाठीच्या मागे दडते. गाठ उचलून मागे वाकून बघायचं तर दुर्बिणीचं सरळ हत्यार त्या कोनात पोचत नाही, आणि पोचवण्यासाठी गाठ ओढली तर व्हेन मुळापासून फाटते. रोबोटच्या हत्याराला मनगट आहे, ते मागून वळतं. शिवाय तिसरा हात यकृत किंवा मूत्रपिंड धरून तासभर तसाच राहतो. दुर्बिणीत हे काम सहायक करतो, चाळीस मिनिटांनी त्याचा हात थरथरतो आणि नेमक्या वेळी यकृत सुटतं.

मुख्य व्हेनशिवाय एखादी जास्तीची व्हेन यकृताच्या व्हेनला मिळालेली असू शकते. मोठ्या फिओत तर असतेच असं धरून चालावं. नकळत फाटते ती हीच.

डावीकडे प्लीहा आणि स्वादुपिंडाची शेपटी पुस्तकाच्या पानासारखी मध्यरेषेकडे उलटायची. स्वादुपिंड ओरबाडलं गेलं तर दुसऱ्या दिवशी ड्रेनमधलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचक रस, बोलतं. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला जाणारी वेगळी धमनी असेल आणि ती गाठीची समजून कापली तर तेवढा तुकडा मरतो. सीटीच्या आर्टेरियल फेजमध्ये ती शोधून ठेवायची, सर्जनने स्वतः.

आता वजाबाकी. आजवरच्या बहुतेक रोबोटमध्ये स्पर्श कळत नाही. मोठ्या गाठीचं कवच पातळ असतं. चिमटा किती जोरात लागला हे फक्त डोळ्यांनी ओळखायचं. दा विंची ५ मध्ये बळ जाणवण्याची सोय आली आहे, पण ते मॉडेल अजून सगळीकडे नाही. म्हणून नियम एकच: गाठ कधीही पकडायची नाही, भोवतालची चरबी पकडायची किंवा बंद हत्याराच्या दांड्याने ढकलायचं.

पडद्यामागे

ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाजूने तीन गोष्टी. ड्रेप घालणं आणि डॉकिंग, सरावलेल्या टीमला दहा-पंधरा मिनिटं, नव्या टीमला त्याच्या दुप्पट-तिप्पट. आकडेवारीत 'ऑपरेशनचा वेळ' लिहिताना हे कधी धरतात, कधी नाही, तेव्हा तुलना वाचताना सावध.

दुसरं, छिद्रं नाभीपासून वर-बाजूला सरकवावी लागतात आणि दोन हातांमध्ये साधारण ६ ते ८ सेंमी अंतर लागतं. बारीक चणीच्या पेशंटमध्ये एवढी जागाच मिळत नाही, हात एकमेकांवर आपटतात. जाड पेशंटमध्ये मात्र रोबोटचा फायदा होतो, कारण पोटाच्या जाडीशी सर्जनच्या मनगटाला झगडावं लागत नाही.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. आयव्हीसी फाटली तर क्रम ठरलेला असावा: गॉज आत, दाबून धरा, गॅसचा दाब वीसपर्यंत वाढवा, भूलतज्ज्ञाला सांगा, रक्त मागवा. दिसलं तर ४-० किंवा ५-० प्रोलीनच्या धाग्याने टाका घाला, आणि टाका घालण्यात रोबोट दुर्बिणीपेक्षा सरस आहे हे मान्य. दिसलं नाही तर पोट उघडा. त्यासाठी यंत्र सोडवून बाजूला करायचं काम प्रत्येकाला वाटून दिलेलं हवं, पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा सेट उघडण्याच्या तयारीत ट्रॉलीवर हवा, आणि कन्सोलवरच्या सर्जनला हात धुऊन यायला वेळ लागतो तेव्हा टेबलाशी उभा असलेला माणूस पोट उघडू शकणारा हवा. शिकाऊ रेसिडेंट एकटा उभा असेल तर मोठी गाठ घेऊ नये.

सावलीवाला

@पडद्यामागे, तिसरा मुद्दा रोबोटच्या जाहिरातीत छापायला हवा.

शंकासुर

पुरावा काय म्हणतो? वर सगळं सर्जनच्या अनुभवाचं झालं.

परळकर

रास्त. लॉटरी पद्धतीने तुलना केलेला मोरिनो यांचा इटलीतला अभ्यास २००४ चा, दहा विरुद्ध दहा पेशंट. त्यात रोबोट हरला: वेळ जास्त, खर्च जास्त, दहातले चार रोबोट सोडून साध्या दुर्बिणीवर आणावे लागले. पण यंत्र पहिल्या पिढीचं होतं आणि प्रश्न मोठ्या गाठींचा नव्हता.

मोठ्या गाठींवर नेमका क्लीव्हलँड क्लिनिकचा २०१२ चा अभ्यास आहे. रोबोटचे २४ आणि दुर्बिणीचे ३८ पेशंट, गाठी सरासरी सहा-साडेसहा सेंमीच्या. वेळ रोबोटमध्ये सुमारे १५९ मिनिटं, दुर्बिणीत १८७. पोट उघडावं लागण्याचं प्रमाण ४ विरुद्ध ११ टक्के, पण एवढ्या कमी संख्येत तो फरक योगायोगाचाही असू शकतो. रुग्णालयातला मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी. पेशंट लॉटरीने वाटलेले नव्हते, म्हणजे कुणाला रोबोट द्यायचा हे सर्जनने ठरवलं. २०१४ मध्ये युरोपियन युरॉलॉजीत आलेल्या एकत्रित विश्लेषणातही रक्तस्राव आणि मुक्काम रोबोटमध्ये थोडा कमी, बाकी सारखंच.

माझा अर्थ असा: सहाच्या खाली रोबोट ही चैन. सहा ते दहा, सौम्य किंवा फिओ, उजवी बाजू, वजनदार पेशंट, यातलं दोन-तीन जुळून आलं तर रोबोटच्या पारड्यात वजन. पण वर्षाला सहासुद्धा अ‍ॅड्रिनल न करणाऱ्या सर्जनचा रोबोट आणि दर महिन्याला दोन-तीन करणाऱ्याची दुर्बीण, यात मी डोळे मिटून दुर्बीण घेईन.

हार्मोनवाली

आणि कर्करोगाचा संशय असेल तर दोन्ही बाजूला. युरोपच्या सूचनांप्रमाणे ६ सेंमीच्या आत, शिरकाव नसलेली गाठ असेल तरच दुर्बिणीचा विचार, तोही अनुभवी हातात. त्यापुढे उघडी शस्त्रक्रिया, भोवतालची चरबी आणि गरज पडली तर चिकटलेला अवयव एकसंध काढायचा. कवच फुटलं तर पेशी पोटभर पसरतात. तो आजार मग मायटोटेन या कर्करोगाच्या औषधानेही सहसा आवरत नाही. अशी केस परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, ट्यूमर बोर्ड असलेल्या ठिकाणी एकदा दाखवल्याशिवाय कापायला घेऊ नये.

धोबीतलाव

पाठीतून करतात ते काय? त्यात पोटाला हातच लागत नाही म्हणे.

परळकर

रेट्रोपेरिटोनियोस्कोपी, जर्मनीत एसेनच्या मार्टिन वाल्झ यांनी रूढ केली. पेशंट पालथा, गॅसचा दाब वीस-पंचवीस. आधी पोटाची ऑपरेशनं झालेली असतील किंवा दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढायच्या असतील तर उत्तम, मधे पेशंट उलटवावा लागत नाही. पण जागा अरुंद. सहाच्या वर बहुतेक जण पुढूनच जातात.

शंकासुर

रोबोटने आठ मिलिमीटरची छिद्रं म्हणता, आणि गाठ आठ सेंटिमीटरची. बाहेर कशी येते?

पडद्यामागे

जाड पिशवीत घालून, एक छिद्र वाढवून किंवा बिकिनी लाइनला आडवा छेद देऊन. आठ सेंमीच्या गाठीला पाच-सात सेंमीचा छेद लागतोच, रोबोट असो की दुर्बीण. आत तुकडे करून काढायची नाही, पॅथॉलॉजिस्टला कवच अखंड बघायचं असतं. 'टाका दिसणारही नाही' असं कुणी सांगितलं तर हा प्रश्न विचारा.

क्लेमकारकून

पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नियमांनुसार रोबोटिक सर्जरी 'आधुनिक उपचार' यादीत आहे, विमा कंपनी ती सरसकट नाकारू शकत नाही. पण त्यावर उपमर्यादा लावू शकते, आणि बऱ्याच पॉलिसींत ती असते. कॅशलेसच्या अर्जाआधी पॉलिसीत 'रोबोटिक' शब्दासमोरचा आकडा शोधा. एस्टिमेटमध्ये रोबोटचे पैसे, ड्रेप आणि हत्यारांचे पैसे वेगळ्या ओळीत मागा. दा विंचीच्या हत्यारांना ठरावीक वापरांची मर्यादा असते, तो खर्च पेशंटवर वाटला जातो. पॉलिसीतल्या खोलीभाड्याच्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर सर्जन-ओटीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होते. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ती लागत नाही.

विमा नसेल तर: धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा कक्षात जा. काउंटरवर कुणी आपणहून सांगणार नाही.

अवांतर: 'एसएसआय मंत्रा' हा भारतीय बनावटीचा रोबोटही आता काही ठिकाणी आहे. नाव नवं म्हणून बिचकू नका आणि देशी म्हणून बिल आपोआप कमी येईल असंही धरू नका. एस्टिमेट बघा.

हार्मोनवाली

डिस्चार्जनंतरचं राहिलं. फिओ असेल तर दोन ते सहा आठवड्यांत मेटानेफ्रिन पुन्हा, मग वर्षातून एकदा, किमान दहा वर्षं. जनुकीय तपासणी प्रत्येक फिओ पेशंटला सुचवावी. साधारण तिघांत एकाला अनुवंशिक कारण असतं, म्हणजे भावंडांचाही प्रश्न.

कॉर्टिसॉलची गाठ असेल तर उरलेली ग्रंथी सुस्तावलेली असते. ऑपरेशनच्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमपासून सुरू, मग तोंडाने, आणि कमी करत बंद करायला महिने लागतात. मध्ये ताप, जुलाब झाले तर डोस दुप्पट करायचा, उलटीने गोळी टिकली नाही तर इंजेक्शनसाठी थेट कॅज्युअल्टी. 'स्टिरॉइड वाईट' म्हणून शेजाऱ्यांच्या सल्ल्याने गोळी बंद केली तर बीपी कोसळतं. पाकिटात स्टिरॉइड कार्ड ठेवा, आणि त्यावर मराठीतही लिहा. ट्रेनमध्ये चक्कर येऊन पडलात तर ते आधी सहप्रवासीच वाचणार आहेत.